अंदाज आणि भाकीत

नव्या माउंटन बाइकचे पुसटसे छायाचित्र बाहेर आले, की शौकिनांचे तर्क सुरू होतात. दोन्ही चाकांना सस्पेन्शन असलेली फ्रेम असेल, तर विचारायलाच नको. ‘चार बिजागऱ्या दिसतात, म्हणजे छान चालणार!’ हा उत्साह आम्हांला आवडतो. पद्धत मात्र पटत नाही.

बिजागऱ्या मोजून फारसे कळत नाही. मागचे चाक कोणत्या दांड्याला जोडले आहे, ते पाहायला हवे. मागचे खालचा व वरचा दांडे जोडणारी बिजागरी आसाच्या वर असेल, तर चाक खालच्या दांड्यावर बसते आणि साध्या वर्तुळकंसात हलते. तीच बिजागरी आसाच्या पुढे, खाली आणली की चाक वरच्या दांड्याला जोडले जाते. मग त्याचे भ्रमणकेंद्र सतत सरकत राहते. होर्स्ट लाइटनर यांच्या या रचनेच्या पेटंटचे हक्क स्पेशलाइज्ड कंपनीने १९९८ मध्ये घेतले. २०१३ मध्ये मुदत संपेपर्यंत अमेरिकेत इतरांना ती परवान्याशिवाय वापरता येत नव्हती. म्हणजे बिजागरीची जागा यंत्रशास्त्राइतकीच कायद्यानेही ठरत होती!

वर्गात पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टाचण्यांनी जोडून चौकोन करावा आणि एक पट्टी फळ्यावर पक्की बसवावी. आसाचे छिद्र एकदा खालच्या, एकदा वरच्या पट्टीत पाडून पेन्सिलीने त्याचा मार्ग रेखावा. मार्ग कसा येईल ते विद्यार्थ्यांनी आधी सांगावे. त्यांचे उत्तर चुकेलही, पण ते तपासता येईल. ‘छान चालणार’ हे वाक्य कधीच चुकत नाही. म्हणूनच ते भाकीत नव्हे.