वरून दिसणारे रान : प्रतिरूपातील समूह-उड्डाण आणि निर्जनाची संकल्पना

प्रवासवर्णनाची समीक्षा एक गोष्ट नेहमी गृहीत धरून चालते : लिहिणारा तेथे गेला होता. वर्णन रसाळ असो वा रूक्ष, त्याच्या प्रामाण्याचा आधार हा देहाने तेथे असण्याचाच असतो. हा आधार काढून घेतला तर उरते ते काय, असा प्रश्न उपस्थित करणारी एक कृती गेल्या काही दशकांत रूढ झाली आहे. वेगवेगळ्या शहरांतील दहा-पंधरा माणसे आपापल्या घरी संगणकासमोर बसतात, फ्लाइट सिम्युलेटर सुरू करतात आणि ठरलेल्या वेळी अलास्काच्या उत्तर भागातील एखाद्या धावपट्टीवर 'जमतात'. पुढचे कित्येक आठवडे, टप्प्याटप्प्याने, ती माणसे एकत्र उडत राहतात. कोणी तरी मार्ग आखलेला असतो, प्रत्येक टप्प्याचे टिपण लिहिलेले असते आणि उड्डाणाच्या वेळी त्याचाच आवाज इतरांच्या कानांत असतो. ही कृती खेळ म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु तिच्यात निवेदक आहे, श्रोते आहेत, कथनाचा क्रम आहे आणि भूमीचे एक विशिष्ट आकलन आहे. तेव्हा ती संहिता म्हणून वाचण्यास प्रत्यवाय नसावा.

या संहितेचे नियम मोठे बोलके आहेत. विमान लहान आणि जुने असावे : द हॅव्हिलंड बीव्हर, सेस्ना, पायपर कब. हवामान त्या दिवशी प्रत्यक्ष असेल तेच घ्यावे. यंत्रात काळ वेगाने पुढे ढकलण्याची सोय असते, ती वापरू नये. कोसळल्यास मागच्या धावपट्टीवरून पुन्हा निघावे. सर्वांत मंद विमानाच्या गतीने सर्वांनी जावे. हे सारे निर्बंध यंत्राने घातलेले नाहीत, माणसांनी स्वतःहून स्वीकारले आहेत. यंत्र जे सहज देऊ करते ते नाकारण्यातून येथे रूपबंध सिद्ध होतो. वृत्ताची बेडी कवी आपणहून पायांत घालतो, त्याच जातीची ही गोष्ट आहे.

प्रतिरूप म्हटले की बोद्रियार यांचे नाव घेण्याची आपल्याकडील सैद्धान्तिक लेखनाला सवय आहे. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात बोर्हेस यांच्या नकाशाच्या कथेचा आधार घेऊन मांडलेला सिद्धान्त सर्वपरिचित आहे : आता नकाशा आधी येतो आणि प्रदेश नंतर. एका मर्यादेत हे येथेही पटते. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरची पहिली आवृत्ती १९८२ साली निघाली. त्यातील उड्डाणे पुढे वर्षानुवर्षे शिकागोच्या मीग्स फील्ड या धावपट्टीवरून सुरू होत. ती धावपट्टी मार्च २००३ मध्ये रातोरात बुलडोझरने उखडण्यात आली. जुन्या आवृत्त्यांतून ती आजही तशीच आहे आणि तेथून आजही उडता येते. मूळ गेले, प्रतिरूप राहिले.

पण हा अन्वयार्थ समूह-उड्डाणाला लावू गेले की तो तोकडा पडतो. हे प्रवासी प्रतिरूपात हरवलेले नाहीत. उलट ते त्याला सतत मूळाशी ताडून पाहत असतात. नदीचे वळण चुकले आहे, धावपट्टीचा उतार उलट आहे, शिखराचे टोक बोथट आले आहे, अशा नोंदी त्यांच्या संभाषणात पदोपदी येतात. त्यांची वृत्ती भुलल्या प्रेक्षकाची नाही, पाठचिकित्सकाची आहे. मूळ प्रत हाती नाही, अनेक भ्रष्ट प्रती समोर आहेत, आणि त्यांतून शुद्ध पाठाकडे जायचे आहे. २०२० साली आलेल्या आवृत्तीत उपग्रहचित्रे व नकाशांची मुक्त माहिती यांच्या आधारे साऱ्या पृथ्वीवरील इमारती संगणकाकरवी रचल्या गेल्या, तेव्हा मेलबर्नच्या एका बैठ्या उपनगरात एक अजस्र सुळका उभा राहिला. मुक्त नकाशात कोणी तरी दोन मजल्यांऐवजी २१२ मजले नोंदवले होते. हा शुद्ध लेखनिकाचा प्रमाद होता. लोक तो पाहण्यासाठी मुद्दाम उडत गेले, हेही खरे. परंतु त्यांना हसू आले ते मूळ ठाऊक होते म्हणूनच. शहरातील प्रमाद असा तत्काळ उघडा पडतो. उत्तरेकडील निर्जन प्रदेशातील प्रमाद कोणाच्या ध्यानी यावा? येथून खरा प्रश्न सुरू होतो.

अमेरिकी अंतराळयानाने फेब्रुवारी २००० मध्ये रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या भूपृष्ठाची उंची मोजली. ती मोजणी साठाव्या उत्तर अक्षांशापाशी थांबते. ब्रुक्स पर्वतरांग अडुसष्टाव्या अक्षांशाच्या आसपास आहे, म्हणजे जगाच्या त्या मापाबाहेर. अशा प्रदेशांच्या उंचीची माहिती इतर मार्गांनी जमवावी लागली. प्रतिरूपात 'निर्जन' म्हणून जे दिसते त्यात निसर्गाचा वाटा किती आणि नोंदींच्या विरळपणाचा किती, हे पडद्यावर पाहून सांगता येत नाही. माहिती संपते तेथे अरण्य सुरू होते, असे म्हणण्याचा मोह व्हावा इतकी या दोन सीमांची सरमिसळ झालेली आहे.

ही सरमिसळ यंत्राने मात्र केलेली नाही. ती त्याच्या कितीतरी आधीची आहे. अमेरिकेच्या १९६४च्या अरण्यविषयक कायद्याने निर्जन प्रदेशाची व्याख्या करताना माणूस तेथे पाहुणा असतो, वस्तीकर नसतो, अशी कल्पना स्वीकारली. विल्यम क्रोनन यांनी १९९५च्या आपल्या गाजलेल्या निबंधात या कल्पनेची चिकित्सा केली आहे : ज्याला आपण अस्पर्श म्हणतो तो प्रदेश संस्कृतीने घडवलेला असतो आणि पुष्कळदा तेथील माणसांना दृष्टीआड करूनच घडवलेला असतो. अलास्कातील 'गेट्स ऑफ द आर्क्टिक' हे या संदर्भात मोठे अर्थपूर्ण उदाहरण आहे. कोयुकुक नदीच्या उत्तर शाखेवर समोरासमोर उभ्या असलेल्या दोन पर्वतांना हे नाव रॉबर्ट मार्शल यांनी दिले. नकाशावरील कोऱ्या जागेच्या ओढीने ते तेथे गेले आणि शंभरावर स्थळांना नावे देऊन ती जागा त्यांनी भरून टाकली. कोरेपणावरील प्रेमाने कोरेपण नाहीसे व्हावे, हा त्यातील विरोधाभास. त्याच मार्शल यांनी जवळच्या वाइझमन या खाणवस्तीतील माणसांवर १९३३ साली एक समग्र ग्रंथ लिहिला, ही गोष्ट त्यांच्या अरण्यभक्तीची थोरवी गाताना सहसा सांगितली जात नाही. १९८० साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटरच्या त्या उद्यानात ना रस्ता, ना आखलेली पायवाट. आणि त्याच्याच सीमेच्या आत अनाक्टुवुक पास हे नुनामिउत लोकांचे गाव आहे. पूर्वी कॅरिबूंच्या मागे फिरणारी ही माणसे १९४०च्या दशकाच्या अखेरीस तेथे स्थिरावू लागली. गावाच्या नावाचा अर्थ कॅरिबूंच्या लेंड्यांची जागा, असा आहे. मार्शल यांचे नाव दारात उभे राहून पाहणाऱ्याचे आहे, तर हे दुसरे नाव खाली वाकून माग काढणाऱ्याचे. एकाच दरीखोऱ्यातील या दोन शब्दांत भूमीशी असलेली दोन नाती स्पष्ट होतात.

मराठीचा शब्दव्यवहार येथे सिद्धान्ताच्या मदतीस येतो. 'अरण्य' या शब्दाच्या मुळाशी परके, दूरचे, असा भाव आहे. परंतु त्यापासूनच आलेला 'रान' हा शब्द खेड्यातील माणूस आपल्या शेतासाठीही वापरतो. 'धनी रानात गेलेत' या वाक्यात निर्जनाचा लवलेशही नाही. नुनामिउतांची दरी या अर्थाने 'रान' आहे. समूह-उड्डाणाची टिपणे मात्र तिला 'निर्जन' म्हणूनच ओळखतात.

उदात्ताच्या मीमांसेने हा अनुभव कितपत उलगडतो? कांट यांनी १७९०च्या ग्रंथात अट घातली होती की भयकारी निसर्ग उदात्त वाटण्यासाठी पाहणारा सुरक्षित स्थळी हवा. खुर्चीत बसलेल्या वैमानिकाइतका सुरक्षित दुसरा कोण असेल? पण कांट यांच्या विवेचनाचा दुसरा अर्धा भाग येथे लागू पडत नाही. त्या अनुभवात माणसाच्या कल्पनाशक्तीला आपली मर्यादा जाणवते. पडद्यापुढे जाणवते ती यंत्राची मर्यादा. कड्याजवळ गेल्यावर खडक धूसर होतो, आणि विस्मयाची जागा चिकित्सा घेते. उदात्ताचा मुद्दा येथेच सोडलेला बरा.

अधिक फलदायी तुलना घरचीच आहे. उत्तरेकडे जाणाऱ्या काल्पनिक हवाई मार्गाची संहिता म्हणजे 'मेघदूत'. अलका आणि अलास्का यांच्या ध्वनिसाम्याने हुरळून जाण्याचे कारण नाही. साम्य रचनेत आहे. रामगिरीवर, परंपरेने रामटेकला, जखडलेला यक्ष स्वतः कोठेही जात नाही. तो मेघाला मार्ग सांगतो : येथे थांब, येथे वळण पडले तरी चालेल, येथे पाणी घे. अनुभव घेणारा आणि हिंडणारा वेगळे आहेत. सिम्युलेटरपुढील प्रवासी यक्ष आहे आणि पडद्यावरील विमान मेघ. टप्प्याटप्प्याने पुढे सरकणारी आज्ञार्थी वाक्यरचना, इंधन भरण्याच्या जागा, मुद्दाम घेतलेला वळसा, ही सारी सामग्री दोन्हीकडे आहे. भेद आहे तो प्रयोजनात. यक्षाच्या मार्गाच्या टोकाला कोणी तरी वाट पाहत आहे. समूह-उड्डाणाच्या टोकाला फक्त शेवटची धावपट्टी आहे. विरहाची जागा तेथे पूर्णतेने, सर्व टप्पे पुरे केल्याच्या समाधानाने घेतली आहे. प्रयोजनाचा हा ऱ्हास मान्य केलाच पाहिजे.

त्याहून मोठा भेद दृष्टीच्या दिशेत आहे. कालिदासाच्या मेघाकडे खालून पाहिले जाते. शेतावरच्या स्त्रिया, वाटसरूंच्या घरी राहिलेल्या पत्नी, सिद्धांगना, चातक, मोर साऱ्यांच्या नजरा वर लागलेल्या आहेत आणि प्रत्येकीच्या पाहण्यात पावसाची, पिकाची किंवा परतणाऱ्या माणसाची अपेक्षा आहे. मेघ भूमी पाहतो, तशी भूमीही मेघाला पाहते. प्रतिरूपातील अलास्कात वर पाहणारा गावकरी नाही. प्रत्यक्षातील अनाक्टुवुकला रस्ता जात नाही. धान्य, टपाल, रोगी आणि पाहुणे यांची ने-आण विमानानेच होते. दरीत इंजिनाचा आवाज उमटणे ही तेथील माणसांच्या दिनक्रमातली घटना आहे. २१ फेब्रुवारी १९२४ रोजी कार्ल बेन आयल्सन यांनी फेअरबँक्सहून मॅग्रथला टपाल नेले, तेव्हा कुत्र्यांच्या गाडीला सुमारे तीन आठवडे लागणारे अंतर काही तासांत तुटले. पाच वर्षांनी, नोव्हेंबर १९२९ मध्ये, सैबेरियाच्या किनाऱ्याजवळ बर्फात अडकलेल्या जहाजावरील माणसे व माल आणण्याच्या कामगिरीवर असताना ते आणि त्यांचे यंत्रज्ञ कोसळून मरण पावले. उत्तरेतील उड्डाणाची दंतकथा अशा माणसांनी घडवली, आणि टिपणे लिहिणारे तिचा आधार आवर्जून घेतात. पण ही दंतकथा एकट्या वैमानिकाची नाही. खाली कोणी तरी थांबलेले होते म्हणून ती निर्माण झाली. प्रतिरूप उड्डाण घेते आणि थांबलेला माणूस वगळते. थंडी, वारा व मृत्यू यांचा अभाव हा या कृतीचा दोष नव्हे, कारण तो अभाव कोणत्याही कलाकृतीत असतोच. दोष या वगळण्याचा आहे.

आणि तरीही एक गोष्ट उरते, ती 'समूह' या पदाची. एकट्याने केलेल्या प्रतिरूप-उड्डाणात पाहणाऱ्याला पाहणारे कोणीच नसते. समूहात मात्र ढगाच्या कडेला दुसऱ्या विमानाचा लुकलुकता दिवा दिसतो, कोणी तरी 'तू माझ्या उजवीकडे खाली आहेस' असे सांगतो, मागे पडलेल्याची चौकशी होते. रिकाम्या भूमीने जी दृष्टी परत केली नाही ती सहप्रवासी परत करतात. मंद विमानासाठी थांबण्याचा नियम, जो वरवर शिष्टाचार वाटतो, तो या दृष्टीने रचनेचा मध्य ठरतो. 'मेघदूता'तील खाली थांबलेल्यांचे कार्य येथे, दुबळ्या स्वरूपात का होईना, बरोबर चालणाऱ्यांकडे आले आहे. रघुवंशाच्या तेराव्या सर्गात पुष्पकातून परतणारा राम सीतेला खालची भूमी दाखवतो. तेथेही भूमीला अर्थ येतो तो शेजारी बसलेल्या व्यक्तीमुळे, आणि पूर्वी त्याच भूमीवरून दोघे पायी चालले होते म्हणून. समूह-उड्डाणाकडे यांतील पहिली गोष्ट आहे, दुसरी नाही.

दुसरीची उणीव भरून काढणे टिपणकाराच्या हाती आहे. बेटल्सहून निघणाऱ्या टप्प्यात, उत्तर शाखेने वर जाऊन मार्शल यांच्या दोन पर्वतांमधून वळसा घेत अनाक्टुवुकला उतरताना, टिपण बहुधा शिखरांची उंची आणि धावपट्टीची लांबी देऊन थांबते. त्याच जागी गावाच्या नावाचा अर्थ आणि धावपट्टीवर काय काय उतरवले जाते याची दोन वाक्ये आली, तर पडद्यावरील दरी तितकीच रिकामी दिसेल. पण उतरणारे पंधराजण आपण कोणाच्या रानात उतरत आहोत हे जाणून उतरतील.