पाव्हणं, जेवायचं कुठं?

'कोल्हापुरात गेलात तर इथे जेवाच' नावाचा एक साहित्यप्रकार सध्या जोरात आहे. तो कधी रीलमध्ये येतो, कधी व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड होत येतो, कधी गूगल मॅपवरच्या चार ओळींत. कुणीतरी बाहेरगावचं कोल्हापूरला निघतं, इथल्या ओळखीच्या माणसाला विचारतं आणि तो माणूस ती यादी पुढे ढकलतो. मी जन्मापासून इथली, त्यामुळे अशा याद्या माझ्याकडेही मागितल्या जातात. वर्षाला पंधरा-वीस तरी. म्हणून या प्रकाराकडे जरा समीक्षकाच्या नजरेनं बघावं असं बरेच दिवस मनात होतं. पुस्तकाचं परीक्षण करताना आपण विचारतो की हे कोण सांगतंय, कुणाला सांगतंय आणि काय गाळतंय. तेच प्रश्न या यादीला विचारायला काय हरकत आहे?

आधी भाषा बघू. यादीत विशेषणं पाच-सहाच असतात: झणझणीत, रांगडा, ठसकेबाज, गावरान, घरगुती, चुलीवरचं. त्यातलं 'झणझणीत' हे सगळ्यात आळशी. ते वापरलं की लिहिणाऱ्याला पुढे काही चाखावं लागत नाही. कोल्हापुरी जेवण म्हणजे नाकातोंडातून पाणी, ही समजूत बाहेर इतकी पक्की झाली आहे की पाहुणा जेवायला येतो तो परीक्षेला बसल्यासारखा. शेजारी यजमान मोबाईल धरून उभा, याचा चेहरा कधी लाल होतोय बघत.

आता ताटाकडे बघा. मटण शिजवलं की त्याचं अळणी पाणी निघतं. त्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू, अख्खा गरम मसाला गेला की पांढरा रस्सा होतो. त्याच पाण्यात आमची चटणी गेली की तांबडा. (कांदा-लसूण मसाल्याला आम्ही चटणी म्हणतो. पुण्याच्या माणसाला 'चटणी वाढू?' विचारलं की तो खोबऱ्याची वाट बघत बसतो.) म्हणजे एकाच पातेल्यातून दोन रस्से निघतात, एक जाळणारा आणि एक शमवणारा. दोन्ही एकाच वेळी ताटात असतात आणि जेवणारा आपल्या जिभेप्रमाणे इकडून तिकडे जातो. या जेवणाची खरी गंमत त्या ये-जा करण्यात आहे. शिवाय तांबड्याचा सगळा रंग तिखटाचा नसतो. चटणीत ब्याडगी असते ती मुख्यतः रंगासाठी. तिखटाला आणि चवीला संकेश्वरी, तिचा बाजार गडहिंग्लजला. बायका उन्हाळ्यात मिरच्या वाळवतात, देठं खुडतात, कांडपाला नेतात आणि वर्षाचा डबा भरतात, तेव्हा हे प्रमाण घराघरात वेगळं ठरतं. माझ्या आजीच्या हातचा तांबडा दिसायला भडक आणि खायला सौम्य असायचा. 'नुसतं तिखट करायला अक्कल लागत नाही,' असं ती म्हणायची. रीलवाल्यांची तिच्याशी गाठ पडायला हवी होती.

या यादीची थोरली बहीण म्हणजे 'व्हेज कोल्हापुरी'. देशभरातल्या मेनूकार्डांवर ती आहे. फ्लॉवर, गाजर, फरसबी लाल ग्रेव्हीत घालून वर एक तळलेली मिरची. आमच्या कुणाच्याही घरात हा पदार्थ कधी शिजला नाही, पण बाहेरच्या पाहुण्यांना तो इथे मिळायलाच हवा असतो, म्हणून आता कोल्हापुरातल्या हॉटेलांतही तो मिळतो. गावाचं नाव आधी बाहेर गेलं, तिथे त्याचा अर्थ 'तिखट' असा झाला आणि तो अर्थ परत गावात राहायला आला. चपलेचंही थोडं असंच झालं. २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल नाव न घेता दाखवली, तेव्हा आपण सगळे चिडलो. तिथे चप्पल होती आणि नाव नव्हतं. इथे नाव आहे आणि पदार्थ आमचा नाही. त्यावर मात्र कुणी चिडत नाही.

आता यादीत काय नसतं ते.

माझ्या लहानपणी पाहुण्याला हॉटेलात नेणं हा घरच्या बाईचा अपमान होता. पाहुणा आला की मटण घरी आणायचं, रविवारी नाहीतर बुधवारी, आणि तो सोमवारी आला असेल तर त्याला बुधवारपर्यंत ठेवून घ्यायचं. आता हॉटेलात नेणं हाच मान झाला आहे. घरातल्या बाईच्या पाठीला त्यामुळे थोडी उसंत मिळाली, हे चांगलंच झालं, त्याबद्दल हळहळण्याचं मला काही कारण दिसत नाही. पण मग ते काम गेलं कुठं? हायवेच्या कडेला 'चुलीवरचं मटण' अशी पाटी असलेल्या कुठल्याही ढाब्यावर जा. दर्शनी भागात, गिऱ्हाइकांच्या वाटेवर, चूल मांडलेली असते आणि एक बाई डोक्यावर पदर घेऊन भाकऱ्या थापत असते. पाहुणे तिचा व्हिडिओ काढतात. 'घरगुती' हा शब्द तिच्यामुळे खरा ठरतो, पण गल्ल्यावर ती नसते, पाटीवर तिचं नाव नसतं आणि धूर मात्र दिवसभर तिच्याच डोळ्यांत जातो. त्या जेवणाचं वर्णन करताना 'चुलीवरची चव' असं लिहिणाऱ्यानं एकदा तरी त्या चुलीसमोर अर्धा तास बसावं. याउलट गल्लीबोळात बायकांनी स्वतः चालवलेल्या खानावळी आहेत, विद्यार्थ्यांचे डबे देणाऱ्या, दोन खोल्यांतल्या. तिथे घरगुती या शब्दाला खरंच अर्थ आहे. पण त्या यादीत येत नाहीत, कारण तिथे गाडी लावायला जागा नसते आणि चूल दाखवायला ठेवलेली नसते.

दुसरी गाळलेली गोष्ट बोलायला अवघड आहे. कोल्हापुरी आदरातिथ्याचा पहिला प्रश्न 'पाव्हणं कुठलं?' असा असतो. त्यात खरा ओलावा आहे, ओळख निघाली तर मालक रश्श्याची वाटी स्वतः आणून ठेवतो. पण गावानंतर आडनाव येतं. मराठवाड्यातल्या एका मित्राला मी एका नावाजलेल्या जागी घेऊन गेले होते. मालकानं गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मित्रानं सांगितलं. 'बरं बरं' म्हणून मालक दुसऱ्या टेबलाकडे वळला. वाढण्यात काही कमी झालं नाही, रस्सा मागेल तेवढा आला. कुणी काही वावगं बोललं नाही. तरी मित्र त्यानंतर गप्प जेवला आणि मीही. पाच तारे देताना गूगल हे विचारत नाही.

आणि हे ज्या गावात घडतं त्या गावाचा इतिहास बघा. पाहुण्यांना कुठल्या हॉटेलात न्यायचं, या प्रश्नाचं माझ्या माहितीतलं सगळ्यात धाडसी उत्तर कोल्हापुरातच दिलं गेलं आहे, आणि ते शंभर वर्षांपूर्वी राजर्षी शाहू महाराजांनी दिलं. गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून सवर्ण नोकरांनी त्यांना मारहाण केली. महाराज तेव्हा गावात नव्हते. परत आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना नोकरीऐवजी स्वतःचा धंदा काढायला पाठबळ दिलं. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं, 'सत्यसुधारक' नावाचं. हॉटेल स्वच्छ होतं, चहा चांगला होता, आणि गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. दलिताच्या हातचा चहा पिणार कोण?

महाराजांनी मग आपली गाडी त्या हॉटेलसमोर थांबवायला सुरुवात केली. चहा मागवायचा, स्वतः प्यायचा आणि सोबतच्या मंडळींना द्यायचा. सोबत सरदार, अधिकारी, भटजी असे सगळे. छत्रपतींनी पुढे केलेला कप नाकारायचा कसा? कामासाठी भेटायला येणाऱ्यांनाही ते तिथेच गाठायला लावत, असं कोल्हापुरात सांगितलं जातं. १९१९ साली शाळा, दवाखाने, पाणवठे अशा सार्वजनिक जागी अस्पृश्यता पाळायची नाही, असे हुकूम त्यांनी काढले. आणि १९२० च्या माणगाव परिषदेत बाबासाहेबांना भर सभेत आपल्या मुक्कामी जेवायला बोलावलं. हुकूम कागदावर असतात, ते पाळले न पाळले कुणाला कळतं? चहाच्या कपाचं तसं नाही. तो चारचौघांत, भररस्त्यात, ओठाला लावावा लागतो. हॉटेल निवडण्यातली ताकद त्या माणसाला बरोबर कळली होती. आपण ज्याच्याकडे पाहुणा नेतो त्याला गिऱ्हाईक मिळतंच, शिवाय प्रतिष्ठाही मिळते.

या मापानं आपल्या याद्या तपासल्या तर त्या फार भित्र्या वाटतात. त्यात सगळं जेवण एकाच प्रकारच्या घरातलं असतं, पाटलाच्या वाड्यातलं. दाराशी तुतारी, भिंतीवर ढाल-तलवार, वाढप्याच्या डोक्याला फेटा. मुंडी, वजडी, रक्ती हे पदार्थही याच जिल्ह्यात आवडीनं खाल्ले जातात, पण ते 'पाहुण्यांना चालायचं नाही' म्हणून आपणच आधी कापून टाकतो. मराठवाड्यातल्या दलित खाद्यसंस्कृतीवर शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली लिहिलं. नावातच त्यांनी आपल्या नेहमीच्या वचनाला एक अक्षर जोडून सुरुंग लावला आहे. कोल्हापूरच्या ताटावर असं पुस्तक कुणीतरी लिहायला हवं. तोवर 'अस्सल कोल्हापुरी' हा शब्द मी तरी कुठल्या पाटीवरून घेणार नाही.

शाकाहारी पाहुण्याचं थोडक्यात सांगते, कारण त्याच्यावर उगाच दया दाखवली जाते. अंबाबाईला येणारे कितीतरी लोक मांसाहार न करणारे, किंवा निदान त्या दिवशी न करणारे असतात. त्यांना 'अरेरे, मग कोल्हापूरला येऊन काय उपयोग' असं ऐकवणं हा शुद्ध उद्धटपणा आहे. अख्खा मसूर आणि भाकरी, खर्डा आणि दही, लोण्याचा गोळा वर विरघळणारा दावणगिरी डोसा (हा कर्नाटकातून आला आणि इथलाच झाला), संध्याकाळी खासबागेजवळ राजाभाऊची भेळ, आणि गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून दिलेलं फेसाळ दूध. यात कशाचीच उणीव नाही. व्हेज कोल्हापुरी तेवढी मागवू नका.

मटणाचंच बोलायचं तर मला २०१९ च्या अखेरची गोष्ट जास्त बोलकी वाटते. मटणाचा दर वाढला म्हणून कसबा बावड्यातून आंदोलन उठलं आणि सगळ्या शहरात पसरलं. तालमी, मंडळं उतरली, बैठका झाल्या, विक्री बंद राहिली. बाहेरच्यांनी याची चेष्टा केली. पण गंमत बघा, भांडण दुकानातल्या कच्च्या मटणाच्या दरावरून होतं. हॉटेलातल्या थाळीचे दर त्याआधीही वाढत होते, नंतरही वाढले, त्यावर एकही मंडळ रस्त्यावर आलं नाही. गावाच्या लेखी मटण ही घरात शिजवायची गोष्ट आहे, तिच्यावर आपला हक्क आहे. थाळी ही पाव्हण्यांची, तिचं काय व्हायचं ते होऊ दे. याद्या मात्र थाळीलाच कोल्हापूर समजतात.

म्हणून मला कुणी एकच जागा विचारली तर मी रात्रीचं जेवण सांगतच नाही, सकाळ सांगते. उद्यमनगरात या. हा लेथ आणि फाउंड्रीचा भाग. इथल्या फडतरेंच्या मिसळीचं नाव याद्यांत असतंच, पण बाकीच्या गावातही, बावड्यापासून खासबागेपर्यंत, प्रत्येकाची आपली मिसळ आहे आणि तिच्यावरून भांडायची तयारी आहे. सोबत पाव मिळणार नाही, ब्रेडचे स्लाइस मिळतील. वरच्या रश्श्याला कट म्हणायचं आणि लागेल तसा मागून घ्यायचा. टेबल दुसऱ्याबरोबर वाटून घ्यावं लागतं. शेजारी ग्रीसचे हात पुसून बसलेला टर्नर असतो, समोर कॉलेजची पोरं, पलीकडे नवस फेडायला आलेलं कुटुंब. गर्दी असते, उठा-बसायची घाई असते, मालकाला आडनाव विचारायला वेळ नसतो.

फक्त सकाळी लवकर पोचा. नंतर रांग फार होते, आणि कट संपला की संपला.