‘देखभालमुक्त’ खिडकी : एका शब्दाची चिकित्सा



आजचा विषय खिडकीचा आहे, आणि तीही ब्रिटनमधल्या जुन्या घरांना असते ती, वर-खाली सरकणारी लाकडी खिडकी. तिथे तिला सॅश विंडो म्हणतात. लंडनमध्ये राहून आलेल्यांनी ती पाहिली असेल, पुष्कळांनी ती उघडताना घामही गाळला असेल. आता कुणी म्हणेल, समीक्षेच्या व्यासपीठावर खिडकी कशाला? तर आम्हांला आज समीक्षा करायची आहे ती एका शब्दाची. ‘मेंटेनन्स-फ्री’, म्हणजे देखभालमुक्त. या एका शब्दाच्या जोरावर गेल्या चाळीसेक वर्षांत ब्रिटनमधल्या असंख्य घरांच्या लाकडी खिडक्या निघाल्या आणि तिथे प्लास्टिकच्या, म्हणजे यूपीव्हीसीच्या खिडक्या बसल्या. कविता-कादंबरीतला शब्द आपण तपासून घेतो. घरच्या भिंतीला भोक पाडणारा शब्द मात्र न तपासता घरात घेतो. हे काही बरोबर नाही.

शब्द तपासायचा तर आधी वस्तू समजून घ्यायला हवी. ही खिडकी चालते कशी, ते बघू.

एका चौकटीत दोन झडपा असतात. वरची बाहेरच्या बाजूला, खालची आतल्या बाजूला. दोन्ही आपापल्या खाचेतून वर-खाली सरकतात. आता काचेसकट एवढी जड झडप वर ढकलली, तर ती धाडकन खाली का येत नाही? गंमत इथेच आहे. चौकटीच्या डाव्या-उजव्या बाजू आतून पोकळ असतात, लाकडी पेट्याच म्हणा ना. त्या पेट्यांत वजनं लटकत असतात, बहुधा ओतीव लोखंडाची, काही ठिकाणी शिशाची. झडपेच्या कडेला दोरी बांधलेली, ती वरच्या कप्पीवरून पेटीत उतरलेली आणि तिच्या टोकाला वजन. विहिरीवरचा रहाट आठवा, तशीच कप्पी. झडप वर गेली की वजन खाली, झडप खाली आली की वजन वर. एका झडपेची दोन वजनं मिळून तिच्या भाराइतकी असतात. त्यातही जुना सुतार बारकावा पाळतो : वरच्या झडपेची वजनं किंचित जास्त, म्हणजे ती वर टेकून राहते, खालच्या झडपेची किंचित कमी, म्हणजे ती खाली बसून राहते. असा तोल साधलेली खिडकी दोन बोटांनी सरकते. वरची झडप थोडी खाली आणि खालची थोडी वर केली की खोलीतली गरम हवा वरून निघते आणि गार हवा खालून येते. वीज नाही, पंखा नाही.

दुसरी गोष्ट अशी की हे यंत्र उघडता येतं. आतल्या बाजूची पट्टी काढली की खालची झडप हातात येते. दोन झडपांमधली पट्टी काढली की वरचीही येते. पेटीच्या बाजूला खाली एक छोटा लाकडी तुकडा बसवलेला असतो. तो काढला की हात थेट वजनापर्यंत पोचतो. दोरी तुटली तर दोरी बदला. काच फुटली तर तेवढंच तावदान बदला. काच जी बसवलेली असते ती पुट्टीने, आपले रंगारी जिला लांबी म्हणतात तिने. खडूची पूड आणि अळशीचं तेल, बस्स. खालची आडवी पट्टी कुजली, तर कुजका भाग कापून तिथे नव्या लाकडाचा जोड द्या. बाकीची खिडकी जागच्या जागी राहते. म्हणजे ज्याने ती घडवली, त्याने पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याची सोय आधीच करून ठेवली आहे.

या खिडकीचा इतिहासही थोडा बघू, कारण पुढच्या वादाला तो लागणार आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती इंग्लंडमध्ये रूढ झाली. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात ती दिमाखात दिसते. पुढे तिचं रूप ठरवलं ते सौंदर्यदृष्टीइतकंच कायद्याने. १६६६ च्या आगीत लंडन होरपळलं होतं. १७०९ च्या कायद्याने लंडनमध्ये लाकडी चौकट भिंतीच्या दर्शनी भागापासून चार इंच आत घ्यायला लावली, कारण बाहेर डोकावणारं लाकूड आग पसरवतं. १७७४ च्या कायद्याने वजनांच्या पेट्याही विटांच्या आड लपवायला लावल्या. त्या रस्त्यांवरच्या खिडक्यांची जी नाजूक रेघ पर्यटक कौतुकाने बघतात, तिच्यामागे अग्निसुरक्षेचा नियम आहे. काचेचंही तसंच. आधी काच लहान तुकड्यांतच परवडायची, म्हणून झडपेत बारीक पट्ट्यांची जाळी असे. १८४५ मध्ये काचेवरचा कर उठला, १८५१ मध्ये घराच्या खिडक्या मोजून घेतला जाणारा करही गेला. मोठ्या, जड काचा आल्या, मधल्या पट्ट्या कमी झाल्या, सांध्यांवर ताण वाढला. मग सांधा बळकट करायला वरच्या झडपेच्या खालच्या कोपऱ्यांना लाकडाची छोटी शिंगं ठेवू लागले. लोकांना ती नक्षी वाटते. मुळात तो टेकू आहे.

आता त्या शब्दाकडे येऊ. देखभालमुक्त.

आमचा पहिला आक्षेप साधा आहे. देखभाल लागत नाही असं जेव्हा विक्रेता सांगतो, तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ देखभाल करता येत नाही असा असतो. दुहेरी काचेचं बंद पाकीट घ्या. दोन काचांमधली कड सीलबंद असते. ते सील गेलं की आत ओल शिरते आणि काचेवर धुकं धरतं. ते पुसणार कसं? बाहेरूनही पुसता येत नाही, आतूनही नाही. अख्खं पाकीट बदलावं लागतं. प्लास्टिकच्या चौकटीचा कोपरा तडकला, बिजागरीचा ठरावीक नमुना बाजारातून गेला, की सुताराला तिथे काही कामच उरत नाही. जुन्या लाकडी खिडकीला दर काही वर्षांनी रंगाचा हात लागतो, हे खरं. पण तो हात लागत राहिला म्हणून शंभर, दीडशे, दोनशे वर्षांच्या खिडक्या आजही सरकतात. मग टिकाऊ कुणाला म्हणायचं?

इथे लाकडाबद्दलही एक सांगायला हवं. त्या काळी बाल्टिक आणि स्कँडिनेव्हियाच्या थंड प्रदेशातून येणारं पाइनचं लाकूड सावकाश वाढलेलं, घट्ट वलयांचं असे. आज भराभर वाढवलेलं लाकूड बहुधा त्या तोडीचं नसतं. म्हणून ‘जुनं काढून तसंच नवं लाकूड बसवतो’ या वाक्याकडेही जरा सावधपणे बघावं. खिडकीचा खालचा वीतभर भाग कुजलाय म्हणून वरचं सगळं शाबूत लाकूड टाकून देणं म्हणजे दात दुखतो म्हणून जबडा काढण्यासारखं.

विक्रेत्याचा दुसरा युक्तिवाद थंडीचा असतो, आणि तो खोटा नाही. एकेरी काचेतून उष्णता भरपूर बाहेर जाते. पण त्यावर उपाय एकच आहे का? ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाने हिस्टॉरिक स्कॉटलंडसाठी जुन्या खिडक्यांच्या चाचण्या केल्या होत्या, त्या २००८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. जाड पडदे ओढले तर काचेतून जाणारी उष्णता १४ टक्क्यांनी कमी झाली, आतली लाकडी दारं लावली तर ५१ टक्क्यांनी आणि आतल्या बाजूने दुसरी स्वतंत्र काच बसवली तर ६३ टक्क्यांनी. या तिन्ही उपायांत मूळ खिडकीला हात लावावा लागत नाही. शिवाय झोंबणारा वारा काचेतून येत नसतो, फटीतून येतो. झडपांच्या कडेने ब्रशसारखी पट्टी बसवली की तो बराचसा थांबतो. उलट जुन्या झडपेतच जाड दुहेरी काच कोंबली, तर झडप जड होते, पेटीतली वजनं पुरत नाहीत आणि सगळा तोल बिघडतो. यंत्राचा एक भाग बदलला की दुसरा हिशेब मागतो.

इथवर टाळ्या वाजवणारे श्रोते आता जरा नाराज होतील. कारण आमचा दुसरा आक्षेप जुन्या वास्तू जपणाऱ्यांवर आहे.

ब्रिटनमध्ये १९६७ च्या कायद्याने अख्ख्या वस्त्या संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर करायची सोय झाली. खास नोंद झालेल्या इमारतींना तर खिडकी बदलण्याआधी परवानगी लागते. चांगलं आहे. पण या चर्चेत पुष्कळदा खिडकी म्हणजे एक चित्र असतं. पट्ट्यांची जाडी किती, शिंगं हवीत की नकोत, रंग पांढरा कुठला, यावर पानंच्या पानं. ती खिडकी सरकते का, हे कोण विचारतं? थरावर थर रंग चढून चिकटून बसलेली, वरची झडप कायमची बंद, आत दोरी कधीच तुटलेली, अशी खिडकी रस्त्यावरून अगदी ऐतिहासिक दिसते. कागदावर ती जपलेली आहे. आमच्या मते ती निकामी पडलेली आहे. आणि एकदा निकष फक्त दिसण्याचा ठरला की प्लास्टिकवाल्यालाही वाट मोकळी होते. तो काचेवर वरून नकली पट्ट्या चिकटवतो, कोपऱ्यात नकली शिंगं लावतो. टेकूची नक्कल, जिथे पेलायला भारच नाही! दोन विरोधी पक्ष वाटतात खरे, पण दोघंही खिडकीकडे रस्त्यावर उभं राहून बघतात.

विल्यम मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. जुनी इमारत ‘पूर्ववत’ करण्याच्या हौसेला त्यांचा विरोध होता. रोजच्या काळजीने झीज रोखा, एवढंच त्यांचं मागणं होतं. हा विचार आज सगळे मानतात. पण रोजची काळजी म्हणजे रोजचे श्रम. ते श्रम कुणाचे आणि त्यांचे पैसे कोण देणार, हा प्रश्न त्या विचाराच्या पोटातच आहे, आणि तिथे गोष्ट अडते.

म्हणून तिसरा मुद्दा. आमच्यावर कुणी असा पलटवार करील, आणि तो योग्यच असेल : तुम्हांला जुन्या लाकडाचं कौतुक, पण जानेवारीच्या थंडीत त्या खोलीत कुडकुडतो तो भाडेकरू. हीटरचं बिल भरतो तो. त्याला वर्षाच्या कराराने राहायचंय. त्याने का म्हणून खिडकी खोलावी? अगदी बरोबर. इंग्लंडमधल्या १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्यानुसार अल्प मुदतीच्या भाड्याच्या घरात बाहेरचा भाग आणि खिडक्या दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. तेव्हा जुन्या खिडकीची बाजू घेणाऱ्याने भाडेकरूला सौंदर्यावर प्रवचन देऊ नये, मालकाला जबाबदारीची आठवण द्यावी. नाहीतर वारसा एकाचा आणि सर्दी दुसऱ्याची, असं होतं. आणि आतली जादा काच बसवण्याचा खर्चच ज्याला झेपत नाही, त्याने निरुपायाने स्वस्त प्लास्टिक लावलं तर त्याला आम्ही नावं ठेवणार नाही.

देखभाल म्हणजे नेमकं काय, तेही सांगून टाकतो, म्हणजे या शब्दाचं भय जाईल. वर्षातून एकदा कोरड्या दिवसांत दोन्ही झडपा सरकवून बघायच्या. अडकत असतील तर जोर लावायचा नाही, रंगाने चिकटलेली कड धारदार पातीने मोकळी करायची. दोरीचे धागे सुटलेत का, बघायचं. लांबीला तडा असेल तर ती तेवढीच नवी भरायची, कारण पाणी तिथूनच शिरतं आणि खालची पट्टी कुजवतं. खालच्या काठावर पाणी साचत नाही ना, बोटाने लाकूड मऊ लागत नाही ना, एवढं तपासायचं. रंग लावताना दोरीवर आणि कप्पीवर लावायचा नाही. एक इशारा मात्र गंभीर : जुन्या रंगाच्या थरांत शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नये, जाळू नये, लहान मुलांना त्या धुळीपासून दूर ठेवावं. शंका असेल तर हे काम जाणकारावर सोपवावं.

आपला मराठी माणसांचा या गोष्टीशी संबंध काय, असं कुणी विचारेल. उत्तर लंडनमधल्या किंग हेन्रीज रोडवर ज्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले, ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेतलं. तेही जुन्या रांगेतलं घर आहे. अशी वास्तू विकत घेणं एकदा होतं, समारंभ होतो, बातमी येते. सांभाळणं दर वर्षी असतं, आणि त्याची बातमी कधीच होत नाही. वारशाबद्दल बोलताना आपण बहुतेक पहिल्या गोष्टीबद्दलच बोलतो.

तर यापुढे कुणी ‘देखभालमुक्त’ म्हणालं, की त्याला तीन प्रश्न विचारा, अशी आमची सूचना आहे. यातला एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येईल का? तो बदलणारा माणूस माझ्या गावात आहे का? आणि वीस वर्षांनी तुमची कंपनी नसेल, तेव्हा हे काम कोण करील? हेच प्रश्न वारसा जपणाऱ्यांनाही विचारा, फक्त त्यांच्यासाठी आणखी एक जोडा : ही खिडकी उघडते का?

आमचं म्हणणं इथे थांबवतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.