भुईमुगातील तांबेरा-प्रतिकार आणि जनुकीय चिन्हके : एक चिकित्सा

तेलबियांवरील जनुकीय संशोधनाचे लेख वाचताना एक प्रवृत्ती जाणवते. चिन्हक, म्हणजेच मार्कर, सापडले की रोगप्रतिकाराचा प्रश्न सुटला, असे त्यांतून अनेकदा सूचित होते. भुईमुगावरील तांबेरा रोगाच्या आधारे या गृहीतकाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

तांबेरा हा ‘पक्सिनिया अ‍ॅराकिडिस’ या बुरशीमुळे होतो. धारवाड येथे विकसित झालेला ‘जीपीबीडी 4’ हा वाण त्यास प्रतिकारक असून हा गुण ‘अ‍ॅराकिस कार्डेनासी’ या वन्य प्रजातीकडून त्यात आला आहे. या वाणाचा ट्रॉम्बेच्या ‘टॅग 24’ शी संकर करून 2010 मध्ये प्रतिकाराशी निगडित गुणसूत्रखंड दर्शविण्यात आला. रोगाच्या तीव्रतेतील सुमारे 55 टक्के फरकाचे स्पष्टीकरण त्यातून मिळत होते. 2012 मध्ये अधिक चिन्हके वापरल्यावर हाच आकडा 80 टक्क्यांपुढे गेला. याचा अर्थ असा की, ही टक्केवारी वाणाचा अंगभूत गुण नव्हे. संकर, हंगाम आणि चिन्हकांची संख्या यांनुसार बदलणारे ते अनुमान आहे.

या पार्श्वभूमीवर इक्रिसॅटचे 2014 मधील संशोधन महत्त्वाचे ठरते. तेथे हा खंड प्रतिसंकराद्वारे ‘आयसीजीव्ही 91114’, ‘टॅग 24’ आणि जळगावचा ‘जेएल 24’ या तीन वाणांत आणण्यात आला. त्यातून तयार झालेल्या 200 वंशांपैकी 81 वंशांत शेतातील चाचणीत सुधारित प्रतिकार आढळला आणि रोगग्रस्त परिस्थितीत त्यांच्या शेंगांचे उत्पादन मूळ वाणांपेक्षा 56 ते 96 टक्क्यांनी अधिक आले. 200 आणि 81 यांमधील अंतरच बोलके आहे. चिन्हक निवडीचे श्रम वाचवते. अंतिम निवाडा मात्र शेतातच होतो.

तथापि एक मर्यादा उरते. या सर्व प्रयत्नांचा दाता वाण एकच आहे. अनेक लोकप्रिय वाणांची भिस्त एकाच वन्य खंडावर राहिल्यास, त्यावर मात करणारा बुरशीचा प्रकार उद्भवताच ते सर्व एकदम बळी पडू शकतात. कोरडवाहू शेतकऱ्याला बुरशीनाशकाच्या फवारणीचा खर्च पेलत नाही. त्याच्यासाठी बियाण्यातील प्रतिकार हाच मुख्य आधार असतो.

म्हणून चिन्हकाच्या शोधाचे मूल्यमापन टक्केवारीवरून न करता, भिन्न संकरांत व हंगामांत तो टिकतो काय आणि प्रतिकाराचे नवे स्रोत त्यातून जोडले जातात काय, या निकषांवर व्हावे.