टेकाडावरचा बुरूज

दिवाळीत आमच्या अंगणात पोरे मातीचा किल्ला करतात. किल्ला म्हटला की मराठी मनात आधी अभिमान जागा होतो. हीच सवय घेऊन मी गेल्या मार्चमध्ये इंग्लंडातील यॉर्क शहरी क्लिफर्ड्स टॉवर पाहावयास गेले, आणि पायथ्याशीच थबकले.

हाही मातीचाच किल्ला. पण परक्याने धाक बसविण्यासाठी रचलेला. १०६६ साली इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन विल्यमने १०६८-६९ मध्ये यॉर्कला दोन किल्ले बांधले. मातीचे उंच टेकाड, माथ्यावर लाकडी बुरूज, खाली कुंपण घातलेले आवार, अशी ही रचना. त्यापायी वस्तीचा एक भाग उजाड झाला, ही नोंद खुद्द विल्यमच्या १०८६ च्या डोम्सडे दप्तरात आहे.

मार्च ११९० मध्ये जमावाच्या भयाने यॉर्कचे ज्यू याच टेकाडावरील लाकडी बुरुजात शिरले. सुमारे १५० जीव. पुष्कळांनी आपल्याच हातांनी मरण पत्करले. अभयाच्या शब्दावर बाहेर आलेल्यांची कत्तल झाली. पुढे जमावाने तेथील मोठ्या चर्चमध्ये ठेवलेले कर्जरोखे जाळले. द्वेषाच्या पोटी असा रोकडा हिशेबही होता!

आज दिसणारा दगडी बुरूज तेराव्या शतकातील, तिसऱ्या हेन्रीच्या कारकिर्दीतला. तो इंग्लिश हेरिटेज ही संस्था सांभाळते. २०२२ साली तिने आत चार खांबांवर लाकडी गच्ची उभारली. काम देखणे आहे, जुन्या दगडांचा मान राखणारे आहे. माझी तक्रार निराळी आहे. त्या गच्चीवरून शहर इतके सुरेख दिसते की पाहणाऱ्याची नजर बाहेरच धावते. मीही बराच वेळ छपरे न्याहाळीत उभी राहिले, आणि पायाखालच्या मातीला विसरले.

मला भानावर आणले ते उतारावरच्या डॅफोडिलांनी. सहा पाकळ्यांची ही पिवळी फुले ज्यूंच्या सहाकोनी ताऱ्याची आठवण म्हणून लावली आहेत. त्या हत्याकांडाच्या तिथीच्या सुमारास ती फुलतात. गच्चीला जे साधले नाही, ते या फुलांनी साधले. जतन केवळ दगडांचे करून भागत नाही. तिथे कोण मेले, हेही जपावे लागते.

यंदा पोरांचा किल्ला झाला की मी त्यांना विचारणार आहे, ‘बाळांनो, किल्ल्याखाली आधी कुणाची घरे होती?’