यंत्राचे नाव लिहिले, म्हणजे झाले का?

समजा, पुण्यातल्या एका शाळेत नववीच्या विद्यार्थ्याने पानशेतच्या पुरावर प्रकल्प लिहिला आहे. भाषा सफाईदार, आकडे नेमके. शेवटी एक ओळ : ‘हा प्रकल्प कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने तयार केला.’ शिक्षकांनी काय करावे? या विषयावरील प्रशिक्षणाची परीक्षा अशा वहीपाशीच होते.

सप्टेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने शिक्षकांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची क्षमता-चौकट प्रसिद्ध केली. पाच अंगे आणि प्रत्येकाच्या तीन पायऱ्या, अशा पंधरा क्षमता तीत आहेत. नीतिमूल्यांना त्यांत स्वतंत्र स्थान आहे, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. पण चौकट म्हणजे पाठ नव्हे. तिच्यावरून प्रशिक्षण बेतताना दोन सोप्या वाटांचा मोह होतो. दोन्ही अपुऱ्या आहेत.

पहिली वाट पकडण्याची. यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखणारे साधन ‘ओपनएआय’ कंपनीनेच जानेवारी २०२३ मध्ये काढले होते. कंपनीच्याच चाचणीत यंत्राच्या शंभरपैकी २६ मजकूर त्याला ओळखता आले आणि माणसांनी लिहिलेल्या शंभरांतले ९ त्याने यंत्राचे ठरवले. हेच प्रमाण धरले, तर साठ प्रामाणिक मुलांच्या वर्गात पाच जणांवर नाहक आळ येईल. हे आकडे इंग्रजीचे. इतर भाषांत साधन अधिक चुकते, असे कंपनीनेच सांगितले होते. जुलै २०२३ मध्ये ते मागे घेण्यात आले. मुलावर चोरीचा ठपका ठेवायला असा पुरावा पुरत नाही.

दुसरी वाट कबुलीची. यंत्राचे नाव लिहिणे प्रामाणिकपणाचे आहे, पण त्यातून फक्त मदत कोणाची ते कळते. विधानाला आधार कोणता, ते कळत नाही. भाषेचे प्रारूप संभाव्य शब्द एकापुढे एक मांडते. ते खरे असतील याची हमी त्यात नसते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक प्राप्तिकर आदेश रद्द केला; त्यात आधार म्हणून दिलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते. यंत्राची उत्तरे पडताळल्याशिवाय वापरू नयेत, असे न्यायालयाने बजावले. त्या आदेशाखाली यंत्राचे नाव लिहिले असते, तरी ते निवाडे खरे झाले नसते.

मग प्रशिक्षणात काय हवे? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तास अपेक्षिले आहेत. त्यांतले दोन तास व्याख्यानाऐवजी कामाला द्यावेत. पानशेतवर यंत्राकडून एक पान लिहून घ्यावे, प्रत्येक विधान अधोरेखित करावे आणि समासात आधार लिहावा. धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, हे त्या काळच्या वृत्तपत्रांत सापडेल. पाणी कुठवर चढले, हे नदीकाठच्या पेठांतले जुने रहिवासी सांगतील. ज्याला आधार मिळत नाही, ते खोडावे. शेवटी दोन ओळी : यंत्राकडून काय घेतले आणि मी काय, कुठे पडताळले.

हाच नियम शिक्षकांनाही लागू हवा. यंत्राकडून काढलेली प्रश्नपत्रिका स्वतःची म्हणून वाटणाऱ्याने मुलांकडून कबुलीची अपेक्षा कशी करावी?

त्या नववीतल्या मुलाची वही मात्र नाकारू नये. समास रिकामा आहे, तो भरून आण, एवढे सांगून ती परत द्यावी.