‘बनगरवाडी’तील माळ : स्थल, भाववृत्ती आणि दुष्काळ

‘प्रादेशिक कादंबरी’ ही संज्ञा रूढ झाल्यापासून मराठी समीक्षेत स्थलाचा विचार बहुधा वातावरणनिर्मिती आणि बोली या दोनच अंगांनी होत आला. स्थल म्हणजे कथानकामागील पडदा, हे त्यातील गृहीतक. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) या गृहीतकाला पुरून उरते. तिच्यात माळ ही पार्श्वभूमी नाही. माणसांच्या स्वभावाची ती पूर्वअट आहे.

टॉमस हार्डीच्या ‘द रिटर्न ऑफ द नेटिव्ह’ (१८७८) या कादंबरीत पात्रे येण्यापूर्वीच एग्डनचा माळ सविस्तर अवतरतो आणि पुढील शोकात्मतेचा सूर लावून ठेवतो. माडगूळकर असा सूर आधी लावत नाहीत. निवेदक राजाराम हा तरुण मास्तर पहाटे पायी निघतो आणि वाडी त्याच्या चालण्यातून उलगडते. पुढेही चारा, मेंढरे, पाऊस यांच्या संदर्भातच निसर्ग दिसतो. शाळेत मुले नसतात, कारण ती मेंढरांमागे गेलेली असतात. शाळेच्या ओसाडपणातून जाणवणारी उदासी विशेषणांतून आलेली नाही. ती वाडीच्या अर्थव्यवहारातून आली आहे.

स्वभावचित्रणातही हेच सूत्र दिसते. उघड्या माळावर आडोसा नाही, म्हणून माणसांच्या व्यवहारालाही आडोसा नाही. या कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाला ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’ हे नाव मिळाले, ते या दृष्टीने मार्मिक आहे. मास्तराने अंजीसाठी चोळी शिवून आणणे ही एरवी क्षुल्लक गोष्ट. या उघडेपणात ती कारभाऱ्याच्या संशयाला पुरेशी होते. परंतु तोच उघडेपणा तालमीच्या बांधकामात सगळ्या वाडीचे हात एकत्र आणतो. संशय आणि सहकार्य ही एकाच स्थलाची दोन रूपे आहेत. शेकूची बायको बैलाच्या जोडीला स्वतः जुंपून घेते, त्या प्रसंगी माणूस आणि भूमी यांतील अंतरच नाहीसे होते. माडगूळकर तेथे करुणेचे भाष्य करीत नाहीत. वर्णनाचा हा संयम माळाच्या कोरडेपणाशी सुसंगत आहे.

अखेरीस दुष्काळ पडतो, मेंढरे घेऊन माणसे पांगतात, वाडी ओस पडते. हा शेवट पुष्कळदा नियतीचा आविष्कार म्हणून वाचला जातो. या वाचनाला भूगोलच आक्षेप घेतो. कादंबरीचा माणदेशी मुलूख सोडून उत्तरेस गेले की सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात नीरेकाठी अकलूज लागते. नीरा उजव्या कालव्याचे पाणी या भागात आले; १९३०च्या दशकात जवळच माळीनगरला साखर कारखाना उभा राहिला. जेथे कालवा पोहोचला तेथे ऊस, जेथे नाही तेथे कुसळ, ही विभागणी एकाच तालुक्यातही दिसते. कादंबरीतील वाडी औंध संस्थानच्या अमलातील आहे, म्हणजे तिचा काळ संस्थाने विलीन होण्यापूर्वीचा, अकलूज परिसरात कालव्याचे पाणी खेळू लागले त्याच्या आसपासचा. तेव्हा बनगरवाडीची तहान केवळ आभाळाने ठरवलेली नाही. पाणी कोणाच्या वाट्याला आले, या इतिहासानेही ती ठरवलेली आहे.

कादंबरी हा प्रश्न विचारीत नाही. त्याचे कारण निवेदकाच्या स्थानात शोधावे लागते. राजाराम वाडीत राहतो, पण त्याची भाकरी पावसावर नव्हे, पगारावर अवलंबून आहे. शाळा ओस पडल्यावर त्याला परतण्याची वाट आहे, धनगरांना भटकण्याची. त्याच्या निवेदनातील हळवेपणा खरा असला तरी तो निघून जाऊ शकणाऱ्या माणसाचा हळवेपणा आहे. म्हणून शेवटच्या भाववृत्तीत दोन थर आहेत : उठून गेलेल्या वाडीचे दुःख, आणि त्या दुःखाचा साक्षी असूनही त्यात पूर्ण वाटेकरी न होता येण्याची निवेदकाची मर्यादा.

ही मर्यादा कादंबरीचा दोष मानण्याचे कारण नाही. उलट, तीमुळेच माळ प्रतीकात विरघळत नाही. मात्र समीक्षेने त्या माळाला ‘कारुण्याचे प्रतीक’ म्हणून मोकळे होणे हे निवेदकाच्या नजरेलाच अंतिम मानणे होय. स्थलाचा विचार वातावरणापाशी न थांबता पाण्यापर्यंत जाईल, तेव्हाच ‘प्रादेशिक’ या विशेषणाला वर्णनापलीकडचा अर्थ लाभेल.